एका गावाची एकच हरकत

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, बेलापूरच्या एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, माझी आई जिच्याकडून सुकट घेते त्या मावशीवर अन्याय झाला. तिच्यावर आणि तिच्या गावातल्या मासळी सुकवणाऱ्या सगळ्या बायांवर. कोणी ओरडलं नाही, कोणी हाकललं नाही. उलट शिपायाने पाणी आणून दिलं. एका सभ्य साहेबांनी चष्मा पुसत सांगितलं, "गावाकडून एकच हरकत प्राप्त झालेली आहे," आणि फाईलचं पान उलटलं.

मी तिथे होते. तेव्हापासून डोक्यात जे खदखदतंय ते लिहून काढतेय.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको की ही कोण लागून गेली. मी कोपरखैरण्याची. वडील साताऱ्याकडचे, मार्केटात माथाडी. मी ज्या संघटनेत आहे तिथे मला पहिल्या दिवसापासून एकच काम लावलंय, पत्रकं लिहायचं. पत्रक म्हणजे काय, तर बसस्टॉपवर उभ्या माणसाच्या हातात कोंबायचा कागद. बस येईपर्यंत त्याला तो कळला पाहिजे. नाही कळला तर तो त्यावर वडापाव ठेवतो, आणि चूक त्याची नसते. त्यामुळे मी लिहिलेलं प्रत्येक पत्रक आधी आईला वाचून दाखवते, ती जवळा निवडत असताना. आईचा हात थांबला आणि तिने "म्हणजे?" विचारलं, की ते वाक्य गेलं. वर्षानुवर्षं हीच परीक्षा. आता साधा विचार करा, सरकारने कधी कुठली नोटीस कुणाच्या आईला वाचून दाखवली असेल?

तर मावशी. नेरूळच्या बाजूचं खाडीकाठचं मूळ गाव. आता त्याच्या तिन्ही बाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि चौथ्या बाजूला खाडी आहे. जेट्टीच्या शेजारी एक मोकळं मैदान आहे. दिसायला काही नाही, थोडी रेती, थोडं गवत, कडेला मासळी टांगायच्या बांबूच्या दांड्या, म्हणजे वलांड्या. पण पाऊस संपला की ज्येष्ठ महिन्यापर्यंत त्या मैदानात जवळा, करंदी, बोंबील सुकतात, आणि त्यावर गावातल्या बायांची घरं चालतात. मावशी तिथे सुकवते आणि आमच्या बाजारात पाटी मांडून विकते. आई तिच्याकडूनच घेते, कारण तिच्या जवळ्यात कचकच लागत नाही.

गणपती उठल्यावर एकदा आईबरोबर बाजारात गेले होते, तर मावशीने पाटीखालून एक घडी घातलेला कागद काढला.

"पोरी, तू कागदां वाटतंस ना गो? मंग ह्यो वाच. ही काय लिवलंय ती सांग."

सुनावणीचं पत्र होतं. सोबत मूळ नोटिशीची झेरॉक्स. मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "ज्याअर्थी, अनुसूचीमध्ये नमूद केलेल्या क्षेत्राचा विद्यमान वापर विचारात घेता, त्यामध्ये किरकोळ स्वरूपाचा फेरबदल करणे इष्ट असल्याचे प्राधिकरणाचे मत झाले आहे, त्याअर्थी, आता…"

आईचा हात थांबला. "हे कोण कोणाला सांगतंय?"

"सरकार मावशीला सांगतंय."

"पण किरकोळ आहे ना? मग सोड की."

अख्ख्या नोटिशीत आईला कळलेला एकच शब्द तो, किरकोळ. आणि तोच सगळ्यात खोटा. कारण अनुसूची नावाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, त्या मैदानाचा सर्व्हे नंबर होता आणि पुढे लिहिलं होतं: वाहनतळ व सुशोभीकरण.

"म्हंजे मैदान जाईल," मावशी म्हणाली. "ती आमाला कललाच हाय. आमच्यात एकजन बंदरात नोकरीला व्हता, त्यानं वाचला. ती नको सांगू. ही सुनावनी म्हंजे काय ती सांग."

"म्हणजे तुमचं ऐकणार."

"आयकनार? मंग बरा हाय की. आमी हरकत दिलीय. आख्ख्या गावाची."

असं म्हणताना ती इतकी निर्धास्त होती की मला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. आईने पावशेर जास्त घेतलं, आम्ही निघालो.

ती निर्धास्त का होती, हे सांगायला हवं. गावात एक पद्धत आहे. काही मोठा प्रश्न आला की देवळापुढे बैठक बसते. बैठकीत वाट्टेल तेवढं भांडायचं. सासू सुनेविरुद्ध बोलते, भाऊ भावाची अक्कल काढतो, कुणी उठून जातो, कुणी त्याला धरून आणतो. पण एकदा ठरलं, की देवीपुढे नारळ ठेवायचा, आणि नारळ ठेवल्यावर कुणी वेगळं तोंड उघडायचं नाही. वेगळं बोलला तो घरफोड्या. त्यामुळे नोटीस आल्यावर बैठक झाली, एकमताने ठरलं, नारळ ठेवला, आणि गावाच्या अध्यक्षाच्या सहीने एक अर्ज गेला. खाली लिहिलं होतं, समस्त ग्रामस्थ. त्यांच्या हिशोबाने माणसाच्या हातून सरकारला देता येईल असा याहून वजनदार कागद नाही. नवराबायकोत एकमत होत नाही तिथे अख्खं गाव एका तोंडाने बोललं होतं.

आता दसऱ्याच्या आदल्या दिवशी या.

गावातून बरीच माणसं आली होती. बाया ठेवणीतली लुगडी नेसून, केसांत अबोली. मावशीने मला मुद्दाम बोलावलं होतं, "इंग्लिस बोलला तर सांग" म्हणून. एकही शब्द इंग्लिश बोलला गेला नाही. तरी मला सांगायला लागलं.

दुसऱ्या बाजूला रस्त्यापलीकडच्या सोसायट्यांचे पदाधिकारी बसले होते. त्यातले एक सेक्रेटरी, माणूस वाईट नाही, पाणी आलं तेव्हा पहिला ग्लास त्यांनी मावशीला दिला. पण बोलायला उभे राहिले तेव्हा म्हणाले, "सर, आमचा कुणाशी वाद नाही. फक्त स्मेलचा इश्यू आहे. आणि मुलांना खेळायला एक डीसेंट ओपन स्पेस पाहिजे. आमच्या रेसिडेंट्सनी इंडिव्हिज्युअली लेटर्स दिलीत." टेबलावर सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. प्रत्येक फ्लॅटचा वेगळा कागद.

साहेबांनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "पाठिंब्याच्या सूचना मोठ्या संख्येने आहेत. हरकत एक." मग ते चष्मा पुसायला लागले आणि ते वाक्य आलं.

"एक कशी?" मावशी उभी राहिली. "ही सगली मानसां काय फोटू काडायला आलीत?"

"बाई, उपस्थितीची नोंद घेतली आहे. पण अर्ज एकच आहे. अर्जदार एक. ते बोललेत. त्यांचं म्हणणं नोंदवून घेतलंय."

"तो बोलला ती गाव बोलला."

"गाव ही व्यक्ती नाही ना."

यावर मागून एक म्हातारा म्हणाला, "मंग ती सोसायटी कोन व्यक्ती हाय?" आणि सगळे हसले. साहेबही हसले. हसण्यात ती गोष्ट विरून गेली.

पुढे कारकुनाने पाहणीचा अहवाल वाचला. जागेची प्रत्यक्ष पाहणी केली असता ती मोकळी व वापरात नसलेली आढळली. मी विचारलं, पाहणी कधी केली? कारकुनाने फाईल पाहिली. श्रावणात. श्रावणात! खाडीकाठच्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा श्रावणात मासळी सुकते का. पावसात अंगणात पापड दिसले नाहीत म्हणून या घरात पापड करत नाहीत, असा अहवाल कोणी लिहील का? पण हा लिहिला होता, खाली सही होती, शिक्का होता. मी तसं बोलले. साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही अर्जदार आहात का?" मी म्हटलं, नाही. "मग कृपया बसा."

बसले. अजून त्याचा राग आहे.

शेवटी त्यांनी एक केलं, त्याबद्दल त्यांना श्रेय देते. म्हणाले, दिवाळीपर्यंत लेखी म्हणणं आणखी द्यायचं असेल तर घेऊ. ते का म्हणाले माहीत नाही. कदाचित मावशी अजून उभीच होती म्हणून.

जिन्यात मी समजावायला गेले. मावशी, एकेकीने वेगळा अर्ज द्यायला हवा होता, ते माणसं मोजतात, गाव मोजत नाहीत. तिने मला मधेच तोडलं.

"म्हंजे आमी भांडत आलो असतो तर जास्त मोजली असती? एक झालो ती चुकला?"

 याचं उत्तर ज्याला सुचतं त्याने मला कळवावं. मी त्या सेक्रेटरींवर चिडू शकत नव्हते, साहेबांवरही धड नाही. त्यांनी नियम पाळला होता. तो नियम ज्याने लिहिला त्याने कधी देवळापुढची बैठक पाहिली नव्हती एवढंच. आणि गावाने जो नियम पाळायचा तो आहे हेच गावाला कुणी सांगितलं नव्हतं. नोटिशीत लिहिलं होतं म्हणे. असेल, ज्याअर्थी आणि त्याअर्थीच्या मधे कुठेतरी.

त्याच आठवड्यात, दसरा झाल्यावर, वाशीत एका एसी हॉलमध्ये परिसंवाद होता. विषय: सर्वांसाठी कायदा, उद्याची दिशा. आमच्या संघटनेला पास आला होता, मला पाठवलं. पडद्यावर चित्रं, गुलाबी बाण. एक वक्ते म्हणाले, लवकरच प्रत्येक कायदा प्रत्येक भाषेत मोबाईलवर असेल, प्रत्येक नागरिकाच्या खिशात एक वकील असेल. टाळ्या. प्रश्नोत्तरांत मी उठले आणि म्हटलं, "लुगड्याला खिसा नसतो." लोक हसले. मी विनोद करत नव्हते. मी सांगत होते की ज्या ऑनलाइन खिडकीचं तुम्ही कौतुक करताय तिथे गावाचंच आणखी म्हणणं नोंदवायला मावशी आणि मी आदल्याच दिवशी बसलो होतो. तिने मावशीचा मोबाईल नंबर मागितला. मोबाईल मुलाचा, मुलगा उरणला कंटेनर यार्डात ड्युटीवर, ओटीपी त्याच्याकडे. तो आला तोवर खिडकी बंद. पुन्हा उघडली तर जागेशी हितसंबंध सिद्ध करणारा दस्तऐवज मागितला. मावशीच्या सासूच्या सासूने तिथे मासळी सुकवली, त्याचा दस्तऐवज कुठला? वक्ते म्हणाले, "चांगला मुद्दा आहे, आपण चहाच्या वेळी बोलू." चहाच्या वेळी ते गेलेले होते.

मला मोबाईलशी वैर नाही. भाषांतरं होऊ देत, ॲप निघू देत. पण मराठीत केलेला कायदा मराठीत असतोच असं नाही, तो बऱ्याचदा नुसता देवनागरीत असतो. ती नोटीस मराठीच होती. तिचं अजून सतरा भाषांत काही केलं तरी आईचा हात तिथेच थांबणार.

हॉलमधून बाहेर पडताना मला एक बाई भेटल्या. ओळख अशी की मावशीच्या पाटीवर आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलेलो. त्या त्याच रस्त्यापलीकडच्या सोसायटीत राहतात, शाळेत शिकवतात. मावशीची चौकशी करायला लागल्या, "दिसल्या नाहीत बरेच दिवस, माझे सोडे संपलेत." मी म्हटलं, त्या बेलापूरला खेटे घालतायत, आणि काय झालं ते सांगितलं. त्या रस्त्यातच उभ्या राहिल्या.

"थांब. सुशोभीकरणाला पाठिंबा, असं होतं त्यावर? छापील? फ्लॅट नंबर टाकायचा?"

"हो."

"अगं, त्यावर मी सही केलीय. वॉचमन मेंटेनन्सच्या पावतीबरोबर घेऊन आला होता. मला वाटलं आमच्या गेटसमोरच्या त्या कचऱ्याच्या त्रिकोणाचं आहे."

सुनावणीत गठ्ठ्यातला वरचा कागद मी वाचला होता; त्यावर नुसता सर्व्हे नंबर होता. जेट्टी असा शब्द नव्हता. मासळी हा शब्द नव्हता. मैदानही नव्हतं. एम.ए., बी.एड. झालेल्या बाईने स्वतःच्या सोडेवालीच्या जागेविरुद्ध सही केली होती आणि तिला पत्ता नव्हता. मी तेव्हा पहिल्यांदा नीट हबकले. तोवर माझ्या डोक्यात सरळ चित्र होतं, इकडे न कळणारे गरीब, तिकडे कळणारे शिकलेले. तिकडेही कुणाला कळलेलं नव्हतं. फरक इतकाच की तिकडचं न कळणं मोजलं गेलं.

मग गावात परत बैठक. मी ओट्याच्या कडेला. वाद जोरात झाला, कारण प्रश्न सोपा नव्हता. नारळ ठेवलेला, आता घराघरातून वेगळे अर्ज द्यायचे म्हणजे गाव फोडायचं. अध्यक्ष म्हणाले, "उद्या ती सायेब बोलंल, अध्यक्षावर गावाचा इस्वास नाय. माजी सही काय मग कुत्र्यानं खाल्ली?" एक तरुण म्हणाला, नारळ उचलू, नवीन ठेवू. त्याला बायांनीच गप्प केलं. मला कुणी विचारलं नाही ते बरं झालं.

 मग मावशी बसूनच म्हणाली, "नारल जागंसाठी ठेवलाय. कागदासाठी नाय ठेवला. गाव येक हाय. पन वलांडी काय सगल्यांची येक हाय? माजी वलांडी माजी, तिजी तिची. तिच्या वलांडीवर मी एक बोंबील टाकीन काय? टाकला तर तीच माजा केस धरंल. मंग एकेकीनं आपल्या वलांडीचा सांगायचा. त्यात गाव कुठं फुटला?"

समोरची बाई म्हणाली, "केस धरायला तुज्या डोक्यावर हायेत कुठं?" आणि बैठक हसण्यात सुटली. अध्यक्षांनी मान हलवली. ठरलं.

दोन दिवस मी देवळाच्या ओट्यावर बसून लिहून घेतलं. एकेक बाई यायची, बोलायची, मी तिच्याच बोलीत उतरवायची. एकही ज्याअर्थी नाही. एकीने सांगितलं, माजी जागा खाडीकडून पयली, तिथं वारा येतो म्हणून करंदी लवकर सुकते. एकीने सांगितलं, माजा नवरा गेला त्या साली मी हितंच उभी व्हते, दुसरीकडं जायला जागा नव्हती. एकीने फक्त एवढं सांगितलं: माजी सासू मला जागा दाखवून मेली, मी सुनेला काय दाखवू? मी विचारलं, अजून काही? ती म्हणाली, अजून काय पायजे?

अर्ज घेऊन बेलापूरला गेलो. आवक खिडकीवरच्या कारकुनाने चाळले, आणि म्हणाला, "हे सगळे एकाच हस्ताक्षरात आहेत. एकच अर्ज धरावा लागेल."

 त्या सोसायटीच्या गठ्ठ्यातले सगळे कागद एकाच मशीनवर छापलेले होते, शब्दाला शब्द सारखे! ते वेगवेगळे. इथे मजकुरात एक ओळ दुसरीसारखी नाही, अंगठा वेगळा, वलांडी वेगळी, आणि हे एक. मी हे त्याला खिडकीतून सांगितलं, जरा मोठ्यानेच. मागची रांग ऐकायला लागली. मावशीने मला कोपराने बाजूला केलं, खिडकीत तोंड घातलं आणि म्हणाली, "बाला, तुजा नि तुज्या भावाचा नाव येकाच बापानं लिवला ना? मंग तू आनि तुजा भाव येकच काय?"

त्याने शिक्के मारले. सगळ्यांवर. वेगवेगळे.

यात शेवट गोड आहे असं समजू नका. निर्णय अजून आलेला नाही. मी हे लिहितेय तेव्हा मैदानात जवळा पसरलाय, वलांड्या भरल्यात, आणि त्या फाईलमध्ये श्रावणातला अहवाल तसाच आहे. पाठिंब्याचा तो गठ्ठाही तसाच आहे. शाळेतल्या बाईंनी आपला कागद मागे घेतला, स्वतः जाऊन, हाताने लिहून. त्यांच्या मजल्यावरच्या दोघींनी घेतला. बाकीच्यांना माहीतच नाही आपण कशावर सही केलीय.

म्हणून हे तुमच्यासाठी आहे. तुम्ही, जे रस्त्यापलीकडे राहता, किंवा अशा कुठल्याही रस्त्याच्या पलीकडे. हळहळ वाटून घेऊ नका, त्याने काही होत नाही. तुमच्या सेक्रेटरीकडे जा आणि गेल्या वर्षी तुमच्या फ्लॅट नंबराने कुठले कागद गेले ते मागा. तुमच्याकडून गेलेला कागद घरातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. तो जिथे "म्हणजे?" म्हणेल तिथे खूण करा. आणि मग त्या कार्यालयाला एक पान लिहा, तुमच्या हाताने, तुमच्या घरात बोलता त्या भाषेत: हा कागद मला कळला नव्हता, तो मागे घेते, पुन्हा नोटीस काढाल तेव्हा ती त्या गावात, त्या गावच्या बोलीत, मोठ्याने वाचा, जो तोंडाने हरकत सांगेल त्याची लिहून घ्या, आणि पाहणी मासळी सुकते तेव्हा करा.

खाली तुमची सही करा. छापील कागद माझ्याकडे मागू नका, मी देणार नाही. स्वतः लिहा, आणि निर्णय यायच्या आत नेऊन द्या.